कॅमेऱ्यात पाटी उलटी येते

१

फोनला पाचपैकी पाच तारे दिले होते आणि खाली लिहिलं होतं:

"बटणं ठसठशीत आहेत, न बघता टाइप होतं. मला बोलता येत नाही, त्यामुळे बटणं हेच माझं तोंड. बॅलन्स नसला तरी या फोनवरून कंपनीला मत पाठवता येतं, ही मोठी सोय, कारण फोनवरून बाकी काहीच जात नाही. हा फोन घेऊन मी ××× मध्ये ××× च्या घरात कुलपाच्या आत आहे. फोन बनवणाऱ्यांनी कृपा करून ××× ला कळवावं. फोनवरून मत जातं हे ××× ला कळू देऊ नये."

चाळणीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मजकूर तोच होता.

तिचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नसे. लोकांनी फोनबद्दल पाठवलेली मतं चाळायची, कचरा फेकायचा आणि बरी असतील ती कंपनीच्या पानावर जाऊ द्यायची, हे तिचं काम. म्हणून ती चाळणी. कंपनीने एक स्वस्तातला प्रीपेड फोन काढला होता, खाली अख्खा कीबोर्ड असलेला. ऑफिसात त्याला सगळे बटणवाला म्हणत. बटणवाल्याबद्दल लोक भरभरून लिहीत. कुणी म्हणे, बॅटरी सासूबाईंसारखी आहे, दमतच नाही. कुणी म्हणे, कॅमेरा म्हणजे नुसता धूर. एकाने तर घंटेचा आवाज कमीच होत नाही म्हणून चार शिव्या हासडल्या होत्या. मयताच्या घरी फोन वाजला आणि त्याची अब्रू गेली होती. असं वाचून चाळणी एकटीच खुदूखुदू हसायची.

आज मात्र हसू कुठल्या कुठे पळालं. मतं तिच्यापर्यंत येण्याआधी एका यंत्रातून गाळून येत. नाव, गाव, नंबर काही दिसलं की यंत्र तिथे फुल्या मारी. ज्या वाक्यात फोनचं काहीच नाही, ते वाक्य तर सरळ उडवूनच लावी. बाईला हे बहुधा ठेचा खाऊन कळलं असावं. प्रत्येक वाक्यात तिने कुठून तरी फोन आणून बसवला होता. नेमकं कुठे, कुणाच्या घरात, कुणाला कळवा, ते सगळं फुल्यांनी खाल्लं होतं.

चाळणी जन्माची भित्री. झुरळ दिसलं की ती खुर्चीवर. दादा, तिचा थोरला भाऊ, तिला या वयातही भागूबाई म्हणून हाक मारी आणि तिला त्याचा रागही येत नसे, कारण खोटं काय होतं त्यात?

"काय हो ताई, भूत बघितल्यासारख्या बसलात?"

ती एवढी दचकली की टेबल हललं. मागे अण्णा उभे होते, हातात चहाचा ट्रे. अण्णा म्हणजे घरमालक. पुढचा हा रस्त्याकडचा हॉल त्यांनी कंपनीला भाड्याने दिला होता आणि मागच्या खोल्यांत ते एकटेच राहत. थोरली बहीण आक्का असे तिथे, पण ऑफिस इथे आलं त्याच्या आधीच ती भाचीकडे हवापालटाला गेली होती म्हणे. ऑफिसातल्या कुणीच तिला पाहिलं नव्हतं. अण्णांचा मात्र सगळ्यांना लळा. दुपारी न चुकता स्वतःच्या हातचा चहा आणत. पंखा कुरकुरला तर तेल घालत. भिंतीशी लावलेल्या कपाटामागे मध्यंतरी ठकठक व्हायची, तेव्हा "उंदीर माजलेत, बघतो एकेकाला" म्हणाले आणि खरंच, त्यानंतर आवाज आला नाही.

"काही नाही अण्णा. डोकं दुखतंय."

"मग चहा घ्या. आलं जास्त घातलंय."

चाळणीने कप उचलला. चहा बशीत सांडला.

२

साहेबांनी मत वाचलं आणि खांदे उडवले.

"थट्टा असणार हो. कोंडलेली बाई फोनला पाच तारे देईल?"

"तारे दिल्याशिवाय मत पाठवताच येत नाही, साहेब. कमी तारे दिले की तक्रार खात्याकडे जातं, तिथे महिनोन्महिने कुणी उघडत नाही. पाच दिले तरच आपल्याकडे येतं. तिने सगळे रस्ते करून बघितलेत."

साहेबांनी मत पुन्हा वाचलं. माणूस वाईट नव्हता, फक्त वरच्यांना टरकून होता. गिऱ्हाईकाचा नंबर त्यांच्या संगणकावर दिसे, पण परवानगीशिवाय तो काढला तर नोकरीवर गदा.

"आणि नंबर लावून करणार काय?" ते म्हणाले.

ते चाळणीलाही पटत होतं. बटणवाल्याची घंटा गावभर ऐकू जाणारी. ती कुलपाआड खणाणली, तर आधी कुलूप लावणाऱ्यालाच ऐकू जाईल.

ती पोलीस चौकीवरही जाऊन आली. हवालदाराने मत वाचलं, शेजारच्याला वाचून दाखवलं, दोघं पोट धरून हसले. "बाई, नाव नाही, पत्ता नाही, फुल्यांच्या घरी जाऊन धाड टाकू का?" असं म्हणून त्याने तिची बोळवण केली. चाळणी खाली मान घालून परत आली. जिन्यात अण्णा भेटले, तिचा चेहरा बघून थांबले, आणि तिच्याने राहवलं नाही.

"अण्णा, एक गिऱ्हाईक बाई संकटात आहे असं वाटतंय मला. तिची मतं येतात."

"मतं?" अण्णा हसले. "अहो, लोकांना वेळ जात नाही. तुम्ही फार मनाला लावून घेता."

त्यांनी तिच्या पाठीवर वडीलकीने हात ठेवला. तिला तेवढ्यानेही बरं वाटलं.

खुर्चीत बसून तिने मताखाली कंपनीचं उत्तर लिहिलं. उत्तर आलं की बटणवाला वाजत नाही, कोपऱ्यात नुसती हिरवी टिकली पेटते, हे तिला माहीत होतं. पण मत तिने पानावर दाखवलं नसलं तरी उत्तर कुणीही वाचू शकतं, म्हणून शब्द जपून वापरायला हवे होते. तिने लिहिलं: "आपल्या मताबद्दल आभार. कॅमेरा, आवाज आणि बॅटरीचा अनुभव कृपया सविस्तर कळवावा."

मग ती वाट बघत बसली, आणि उत्तर येऊ नये असंही तिला मनातून वाटत होतं.

३

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं.

"बॅटरी उत्तम. फोन माझ्याजवळ राहू दिलाय, कारण ××× म्हणतो, बॅलन्स नसलेला फोन म्हणजे खुळखुळा, खेळत बस. आवाजाचं म्हणाल तर माझ्या फोनची घंटा कधी वाजत नाही, पलीकडे मात्र दिवसभर कुणाचे तरी फोन वाजतात. कॅमेरा वाईट आहे. माझा एकच हात चालतो, त्या हाताने फोन डोक्यावर उचलून काचेचा रंग उडालाय तिथे धरते. मला उठून बघता येत नाही, कॅमेऱ्यात येईल तेवढंच माझं जग. कॅमेऱ्यात रोज एक बाई येते, खुर्चीत बसलेली, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. कॅमेऱ्यात काचेवरची निळी अक्षरंही येतात, पण उलटी येतात, आरशात दिसावीत तशी. हा दोष दुरुस्त करावा."

चाळणीचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला.

पेन्सिल तिथेच होती.

तिने सावकाश मान वर केली. तिचं टेबल रस्त्याकडच्या खिडकीला लागून होतं, तोंड रस्त्याकडे. समोरच्या मोठ्या काचेवर बाहेरून वाचता यावीत अशी निळी अक्षरं चिकटवली होती: ग्राहक सेवा. त्या अक्षरांच्या फटीतून समोरची इमारत दिसत होती, अगदी हाकेच्या अंतरावर. तिच्या उंचीला दोनच खिडक्या. एक दातांच्या डॉक्टरीणबाईंची, दुसरी शिकवणीवाल्या सरांची. दोन्ही खिडक्यांच्या काचांना पांढरा रंग फासलेला, आणि दोन्हींचा रंग जागोजागी उडालेला.

त्यातल्या एका काचेमागून कुणीतरी रोज तिच्याकडे बघत होतं. पडदा ओढावा असं तिला वाटलं, पण पडदा ओढला तर त्या बाईचं उरलंसुरलं जगही जाईल, म्हणून ती तशीच बसून राहिली.

दुपारी आणखी एक मत येऊन पडलं. या वेळी ते अगदी छोटं होतं.

"फोन उद्यापासून वापरता येणार नाही. उद्या सकाळी गाडी येणार आणि मला ××× ला नेणार, तिथे फोनला रेंजच नाही, असं ××× हसत म्हणाला. सही दिली नाहीस तर तिथून परत येणार नाहीस, असंही तो फोनकडे बघत म्हणाला. फोन चांगला होता."

'होता' वाचून चाळणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. साहेब कामासाठी बाहेर गेलेले. बाकीची मंडळी कानाला फोन लावून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत होती. तिने टेबलावर नमुन्यादाखल ठेवलेला बटणवाला उचलला, पर्समध्ये टाकला आणि रस्ता ओलांडला.

४

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात फोन सतत वाजत होता. पलीकडे दिवसभर फोन वाजतात, हे चाळणीला आठवलं. मतांतला 'तो' पुरुष होता खरा, पण दवाखान्याच्या आत कोण असतं कुणाला ठाऊक?

"ग्राहक मत," ती म्हणाली. आवाज चिरकला. "आमच्या फोनबद्दल मत विचारायला आले होते."

डॉक्टरीणबाई करड्या आवाजाच्या, घाईतल्या. "मला कसला वेळ आहे मत द्यायला? दात दाखवायचा असेल तर बसा."

चाळणीची नजर खिडकीशेजारच्या बंद दाराकडे गेली. दाराला भलंमोठं कुलूप होतं.

"आत... आत कोण असतं?"

"म्हणजे?"

"नाही, म्हणजे आत रेंज कशी येते, ते बघायचं होतं."

डॉक्टरीणबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. मग काय वाटलं कोण जाणे, खिशातून किल्ली काढून दार उघडलं. आतल्या अंधारातून शेकडो दात तिच्याकडे बघून विचकले. चाळणी किंचाळली. कपाटांत, फळ्यांवर, जमिनीवर, सगळीकडे प्लास्टरचे जबडे मांडलेले.

"पेशंटांचे साचे आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोरं उचलून नेतात खेळायला, म्हणून कुलूप. पाणी देऊ का तुम्हाला? रंग पार उडालाय चेहऱ्याचा."

पाणी पिता पिता चाळणीने खोली नीट बघून घेतली. खाट नाही, माणूस नाही, लपवायला जागाही नाही. म्हणजे आता उरले सर.

सर गोड बोलणारे होते, अतिच गोड. शिकवणी सुटली होती, खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"या, बसा. मी रोज बघतो तुम्हाला."

"मला?"

"त्या काचेतून. समोरच तर दिसता. रागावू नका, पण तुम्ही जांभया फार देता. माझी पोरं मोजतात."

चाळणीला हसावं की पळावं ते कळेना. तिने उसनं अवसान आणलं. "आणि माझ्या अंबाड्यातली पेन्सिल? तीही दिसते?"

"पेन्सिल?" सर गोंधळले. "कुठली पेन्सिल? मला आपलं तुमचं तोंड दिसतं. पाठीमागचं कसं दिसणार?"



५

ती खिडकीशी गेली. रंग उडालेल्या ठिकाणी तिने बटणवाला धरला आणि बटण दाबलं. चित्र धुरकट, पण अक्षरं स्वच्छ सुलट आली: ग्राहक सेवा.

बटणवाल्याच्या कॅमेऱ्याबद्दल तिने आजवर ढिगाने तक्रारी चाळल्या होत्या. अंधार येतो, धूर येतो, माणसाला दोन नाकं येतात. पाटी उलटी येते, अशी तक्रार मात्र एकाही माणसाने केली नव्हती, कारण कॅमेरा तसं करतच नाही. जसं असतं तसंच वाईट दाखवतो.

मग ती अक्षरं उलटी कुणाला दिसतील?

काचेच्या आत असेल त्याला. रोज खुर्चीत बसल्यावर तिला स्वतःलाच ती उलटी दिसत होती. इतकी सवय झालेली की ती कधी ध्यानातही आली नव्हती. आणि पेन्सिल? पेन्सिल तिच्या पाठीमागे असलेल्यालाच दिसणार.

ती बाई समोरच्या इमारतीत नव्हतीच. ती चाळणीच्या पाठीमागे होती. रोज.

तिने आपल्या ऑफिसकडे दूरच्या, परक्या इमारतीकडे बघावं तसं बघितलं. हॉलच्या मागच्या भिंतीशी ते स्टीलचं कपाट. कपाटाच्या वर डोकावणारी जुन्या दाराची तावदानं, भिंतीच्याच रंगाने रंगवून टाकलेली. कुणाला ते दार आहे हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं. दाराच्या पलीकडे अण्णांच्या खोल्या. आणि कपाटामागची ती ठकठक, अण्णांनी 'बघतो एकेकाला' म्हटल्यावर कायमची थांबलेली.

उंदीर नव्हतेच ते.

"ताई, तुमच्या खुर्चीत कोण बसलंय?" सर म्हणाले.

तिने नजर खाली आणली. तिच्या टेबलाशी अण्णा बसले होते. बाजूला चहाचा ट्रे. नाकावर चष्मा चढवून ते तिच्या संगणकाच्या पडद्यावरचं काहीतरी अगदी सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचत होते.

ती मतं ती उघडीच ठेवून आली होती.

६

रस्ता तिने कसा ओलांडला ते तिला पुढे कधी आठवलं नाही. जिन्यात साहेब भेटले, नुकतेच आलेले. तिने त्यांची बाही धरली आणि ओढतच वर आणलं. अण्णा खुर्चीतून उठून मागच्या जिन्याकडे निघाले होते. तिकडूनच त्यांच्या घरात जायची वाट होती.

"अण्णा, थांबा!"

तिच्याच आवाजाने ती दचकली. ऑफिसातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. कानाला लावलेले फोन खाली आले.

"काय झालं ताई?" अण्णा हसले. हसताना त्यांचे डोळे मात्र हसत नव्हते. "दूध उतू जाईल, गॅसवर ठेवून आलोय."

त्यांना एकदा जाऊ दिलं की त्या बाईचा फोन जाणार, आणि कदाचित बाईही. चाळणीला ढसाढसा रडावंसं वाटत होतं. ती त्यांच्या वाटेत जाऊन उभी राहिली, बस एवढंच केलं.

"साहेब," ती म्हणाली, "त्या बाईला मी दिसते, अंबाड्यातल्या पेन्सिलीसकट. समोरच्या इमारतीतून माझी पाठ दिसत नाही, मी आत्ता बघून आले. तिला आपली पाटी उलटी दिसते. ती उलटी फक्त आतून दिसते. आपल्या मागे एक रंगवलेलं दार आहे. त्या दारामागे कोण राहतं?"

"मी राहतो," अण्णा म्हणाले. "आणखी कोण राहणार?"

"आणि आक्का?"

"ती भाचीकडे आहे. सांगितलंय की किती वेळा."

"ती बाई ज्याला भिते, त्याचं ती नाव लिहिते. यंत्र दर वेळी फुली मारतं. म्हणजे तो तिचा साहेब नाही, डॉक्टर नाही, ज्याला नावाने हाक मारावी असा कुणीतरी धाकटा आहे. आणि त्याला तिची सही हवी आहे. हे घर कुणाच्या नावावर आहे, अण्णा?"

भाड्याच्या कागदावर मालकीण म्हणून आक्कांचं नाव होतं ते साहेबांना आता आठवत होतं, आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"पुरे झाला तमाशा," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजातलं आलं-साखर सगळं निघून गेलं होतं. "चांगल्या माणसांवर वाटेल ते आळ घेता? उद्याच्या उद्या जागा खाली करा."

"साहेब, नंबर लावा."

"अहो, परवानगी..."

"मी देते परवानगी!" चाळणी ओरडली. ती कुणाला कसली परवानगी देणार होती देव जाणे. पण साहेब निमूटपणे संगणकाशी गेले, नंबर काढला आणि टेबलावरच्या फोनवरून लावला. काल घंटा वाजली असती तर धावत जाऊन ती बंद करायला तो माणूस मोकळा होता. आज तो इथे सगळ्यांच्या मध्ये उभा होता.

क्षणभर नुसता पंख्याचा आवाज.

मग भिंतीच्या आत बटणवाला खणाणला. कर्कश, निर्लज्ज, कपाट थरथरवत. ज्या घंटेला लोकांनी पोटभर शिव्या घातल्या होत्या, ती घंटा.

"जुना फोन आहे," अण्णा म्हणाले. ओठ पांढरे पडले होते. "असाच पडलाय आत."

घंटा मध्येच थांबली. पडलेल्या फोनला ती थांबवता आली नसती. साहेबांनी रिसीव्हर कानाला लावला आणि मग न बोलता सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडून शब्द आला नाही. आधी धापा टाकल्यासारखा श्वास आला, आणि मग बटणांचा आवाज. कट. कट. कट. कुणीतरी जिवाच्या आकांताने बटणं दाबत होतं.

अण्णा मागच्या जिन्याकडे धावले. फोनवर बसणाऱ्यांपैकी दोघांनी त्यांना दारातच धरलं, आणि मघापर्यंत सगळ्यांचे लाडके असलेले अण्णा सगळ्यांच्या देखत हातपाय झाडू लागले.

७

मागून जायला किल्ली लागणार होती आणि ती अण्णा देईनात. मग साहेबांनी आणि आणखी दोघांनी मिळून ते स्टीलचं कपाट सरकवलं. मागे रंगवलेलं दार होतं.

दाराला कडी होती. कडी त्यांच्याच बाजूला होती.

इतके महिने ते तिच्यापासून हातभर अंतरावर बसून हसले होते, डबे खाल्ले होते, वाढदिवसाचे केक कापले होते, आणि मधे होतं फक्त एक कपाट आणि एक कडी. साहेब पुढे होईनात. शेवटी चाळणीनेच रंगाने चिकटलेली कडी नखांनी सोडवून ओढली. भीती गेली नव्हती. उलट आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी ती आत्ता वाटत होती.

आत औषधांचा आणि कोंडलेल्या हवेचा वास. दाराला टेकलेल्या उंच खाटेवर एक वाळलेली म्हातारी उशांना टेकून बसली होती. केस विंचरलेले नव्हते. एक हात मांडीवर निर्जीव पडलेला आणि दुसऱ्यात बटणवाला, छातीशी घट्ट धरलेला. चाळणी आत येताच तिने फोन पांघरुणाखाली लपवला आणि अंग चोरून घेतलं.

"आक्का, घाबरू नका. त्यांना धरलंय. पोलीस येतायत, डॉक्टरीणबाईंना बोलावलंय."

म्हातारीने मान हलवली नाही. बराच वेळ तिने चाळणीचा चेहरा निरखला. पाठ तिला पाठ होती, चेहरा ती पहिल्यांदाच बघत होती. मग पांघरुणातून फोन बाहेर आला. अंगठा सराईतपणे बटणांवरून फिरला आणि तिने पडदा चाळणीकडे वळवला.

"तुम्ही कोण?"

"मी... तुमची मतं वाचणारी. तुम्ही पाठवत होतात ना, ती माझ्याकडे येत होती."

अंगठा थांबला. मग पुन्हा चालू लागला, या वेळी सावकाश. पडद्यावर लिहिलं होतं: "सकाळी वाचलंत, तेव्हा मागे वळून का नाही बघितलंत?"

बाहेर गडबड चालली होती. साहेब चौकीला फोन करून हवालदाराला झापत होते, अण्णा अजून आरडाओरडा करत होते. चाळणीकडे त्या प्रश्नाला देण्यासारखं बरंच होतं. यंत्र होतं, फुल्या होत्या, परवानगी होती, समोरच्या खिडक्या होत्या. तिने त्यातलं काहीच सांगितलं नाही.

"मी घाबरले होते, आक्का," ती म्हणाली. "कुणीतरी आपल्याला बघतंय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुमचा विचार नंतर आला."

आणि ती तिथेच उभ्या उभ्या रडायला लागली.

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राग होता का दया, ते कळत नव्हतं. अर्धा चेहरा तर हलतच नव्हता. मग तिने फोन उशीजवळ ठेवला आणि एका हाताच्या जोरावर, मोठ्या कष्टाने, खाटेवर थोडी पलीकडे सरकली. चाळणीला बसता येईल एवढी जागा झाली, तेव्हा ती थांबली.